सोळा नंबरची हजेरी

आप्पा, तुम्ही जाऊन तीस वर्षं होत आली, आणि मला अजून आपलं स्वयंपाकघरच आधी आठवतं. निपाणीच्या तंबाखूच्या वखारी तपासायला साहेबांबरोबर जायच्या आदल्या संध्याकाळी तुम्ही चुलीशेजारी पाट घेऊन बसायचात. गेल्या सालचा कागद डावीकडे, कोरा उजवीकडे. आई भाकरी थापतेय आणि तुम्ही उतरवून काढताय: जिना ठीक, मागचं दार उघडं, बायका एक ते चोवीस हजर. मी एकदा विचारलं, तपासणी उद्या आहे तर आज कसं लिहिता? तुम्ही डोळे वटारलेत. "शहाणा हायेस. दारं काय रातोरात चालत जात्यात व्हय रं?" आई हसली. मीही हसलो.

पुढच्याच उन्हाळ्यात त्यातल्या एका वखारीला भरदुपारी आग लागली. बायका पुढच्या दारानं बाहेर आल्या, एक आत राहिली. त्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत. पण साल पालटलं तसे पुन्हा पाट घेऊन बसलात आणि तेच उतरवलंत, चोवीसच्या चोवीस. मला तुमचा फार राग आला होता, आप्पा.

तुमच्यामागे कॅम्पातल्या तुमच्याच कचेरीत मी कारकून म्हणून लागलो. टाक तुमचा, टेबल तुमचं, अक्षराचं वळणही तुमचंच. पहिल्या तपासणीला साहेब मालकाच्या ओसरीवर चहाला बसले आणि मी तुमचा शेवटचा कागद घेऊन त्याच वखारीत गेलो. मला तुमच्यासारखं करायचं नव्हतं, म्हणून खरीखुरी हजेरी घ्यायला लागलो. तिथे बायकांना नंबरानं हाक मारायची रीत. तोंडाला पदर बांधून त्या तंबाखू चाळत होत्या, धुरळ्यात कोण कुठे ते दिसत नव्हतं. चौदा. "हाय जी." पंधरा. "हाय जी." सोळा. "हाय जी," मागच्या दाराकडून आलं, जरा खोकत. मी खूण केली. चोवीसजणींनी ओ दिली. मग डोकी मोजली तर तेवीस.

सोळा नंबर कुठे बसते, मी मुकादमाला विचारलं. त्याचा चेहरा उतरला. "ती आगीत गेली न्हवं का, साहेब. तवापास्नं त्यो नंबर कुणाला दिल्याला न्हाय."

"मग आत्ता ओ कुणी दिली?"

"म्या तर काय ऐकलं न्हाय."

जवळची एक म्हातारी चाळणं न थांबवता म्हणाली, "दरसाल तुमीच लिवून बोलिवताय की तिला. मग ती येणार न्हाय तर काय करंल?"

मी मागच्या दाराशी गेलो. तिथे हातभर जागा बायकांनी मोकळी सोडलेली होती. दार ढकललं, हललं नाही. तंबाखू बाहेर जाऊ नये म्हणून मालक कामाच्या वेळी बाहेरून कडी घालत असे. आगीच्या दिवशीही कडी घातलेलीच होती, हे मला कुणी सांगावं लागलं नाही. माझ्या अगदी पाठीशी कुणीतरी खोकलं. वळलो, तर जागा तशीच मोकळी.

बाहेर साहेब उठले होते. सोळा नंबर खोडला असता तर का खोडला ते लिहावं लागलं असतं, आणि ज्यावर तुम्ही दार उघडं लिहिलं होतंत तो कागद वर निघाला असता. गेलेल्या बापाच्या नावाला बट्टा नको, असं मी मनाशी म्हटलं. खरं सांगायचं तर नोकरी नवी होती आणि मी भ्यालो.

आता मी नोकरी संपवून घरी बसलोय. परसदाराला दिवसा कडी लावू देत नाही म्हणून बायको चिडते. हे पत्र तुमच्या टाकाच्या पेटीतच राहील. त्या दिवशी मी लिहिलं, मागचं दार उघडं, बायका एक ते चोवीस हजर. आणि नंतर दरसाल, आदल्या संध्याकाळी, चुलीशेजारी पाट घेऊन. सोळा लिहिलं की मागून कुणीतरी खोकायचं, आणि मी सतरा लिहायला घ्यायचो.