कॅरियर म्हणजे पेशंट नव्हे

आंजी (मोठी)
९ जानेवारी २०२५

चि. काजलला मोठेबाबा हरिदासचे आशीर्वाद, घरी सर्वांना जयभीम.

आमच्या जावयाची, रत्नदीपची कंबर कशी आहे? तुझ्या सासूबाई तानाबाईंचा खोकला उतरला का? आणि तुझ्या लेकीच्या, मैत्रीच्या हातापायांची सूज? दीड वर्षाचं लेकरू, काय सोसत असेल. फोनवर मला धड ऐकू येत नाही, म्हणून लिहितो.

रिपोर्टात मैत्री सिकलसेलची पेशंट निघाली म्हणे. बाई, नीट वाचून घे. लग्नाआधी तुम्हा दोघांच्या रक्ततपासणीच्या कार्डावर कॅरियर होतं. डिक्शनरी उघडून मीच बैठकीत दोन्ही शब्द समजावले होते. पेशंट म्हणजे ज्याला रोग. कॅरियर नुसता वाहून नेणारा, त्याला काही होत नाही. आपण पत्रिका पाहत नाही, मग कार्डाले काय भ्याचं, असंही म्हणालो होतो. सगळे हसले होते. पुन्हा तपासून घे.

तुझा मोठेबाबा


हिंगणी
१७ जानेवारी

ती. मोठेबाबांना काजलचा जयभीम.

पुन्हा तपासलं, तेच निघालं. तुम्ही सांगितलेला अर्थ बरोबर होता, असं दवाखान्यातल्या सिस्टर म्हणाल्या. आम्हा दोघांना काहीच होत नाही. पण आईबाप दोघंही कॅरियर असले की प्रत्येक लेकरामागे चारात एक धोका पेशंट होण्याचा. एवढं माहीत असून लग्न जुळवलं कोणी, असं त्यांनी विचारलं. मी तुमचं नाव घेतलं नाही. सासूबाई मात्र रोज म्हणून राह्यल्या, की हे तुह्याच घरून आलं.

मैत्रीला रक्त चढवलं. झबलं घालतानाही ओरडते.

माझ्या पाठच्या अंकिताचं सेलूत जमवताय म्हणे. तीही कॅरियरच आहे, मोठेबाबा. मुलाचं कार्ड पाहिलंत का?

काजल


आंजी (मोठी)
२६ जानेवारी

चि. काजलला आशीर्वाद.

पाहिलं नव्हतं. परवा सेलूला जाऊन मागितलं. मुलगाही कॅरियर. साखरपुडा आठवड्यावर आला होता. सगळ्यांसमोर मी मोडला, आणि काऊन मोडतो तेही सांगितलं, की माझ्या शब्दावर एक लग्न झालं, त्याचं लेकरू आज तडफडून राह्यलं. मुलाचा बाप म्हणाला, म्हाताऱ्याचं डोकं खसकलं. अंकिता ताट पुढे ठेवते आणि निघून जाते.

तानाबाईंना सांग, यात अर्धं त्यांच्याही घरचं आहे, आणि जुळवलं मी. नको, तू नको सांगू. ते मीच येऊन सांगायला हवं.

फक्त रत्नदीपला विचार, मी त्याच्या दारात यावं का. नाही म्हणाला तर तसंच लिही. मनाला लागणार नाही असं खोटं लिहीत नाही, पण मग येणार नाही. तो जे म्हणेल ते लवकर कळव.

तुझा मोठेबाबा