एका कपाचा फिल्टर

भोर,
९ सप्टेंबर २०२५

चि. भार्गवीस,

अनेक आशीर्वाद. माझी प्रकृती ठीक. गुडघा कुरकुरतो, पण एसटी स्टँडपर्यंत रोज चालून येतो. तुझा पत्ता कुठून मिळाला, ते पुढे लिहितो. फोनवर माझा आवाज चढतो, म्हणून पत्र.

गेल्या सोमवारी एक पार्सल आलं. कामथडीचा धनाजी हल्ली आपल्या आळीत सगळ्यांची खोकी वाटतो. दारातूनच ओरडला, “काका, सौदामिनी म्याडम हायत का? ओटीपी पायजे.” नवीन आहे, त्याला काय माहीत. मी म्हणालो, बाहेर गेल्यात. तुझ्या आईचा मोबाईल मी अजून रिचार्ज करतो. ओटीपी त्यावरच आला होता.

गेलेल्या माणसाच्या नावाने काय आलं म्हणून खोकं फोडलं. आत कॉफीचा स्टीलचा फिल्टर, भातुकलीतला शोभेल एवढा. या ऑनलाइन खरेदीबद्दल माझं मत तुला ठाऊक आहे. फोटोत हंडा दिसतो, हातात वाटी येते. लोकांचे अभिप्रायही वाचले. एकाने ‘फारच सुंदर’ लिहून एकच तारा दिलाय! म्हटलं, आपणच करून बघू. पूड फार बारीक निघाली, पाऊण तासात चार थेंब. आईची जायफळाची कॉफी तेवढ्यात आळीभर झाली असती. शेवटी उतरली ती प्यायलो. वाईट नव्हती. पण कप एकच भरला.

तो एकच कप मला दिवसभर डाचत राहिला. संध्याकाळी आईच्या मोबाईलमधली जुन्या खरेदीची यादी उघडली. तुम्हा मायलेकींचं खातं एकच आहे, हे मला कुठे माहीत होतं? लग्नानंतर तू बेंगळुरूला मागवलेल्या दोन उशा, दोन मग, मोठा फिल्टर, सगळं त्यात आहे. मग गेल्या ऑक्टोबरपासून पत्ता बेंगळुरूच्याच लेडीज हॉस्टेलचा. एक उशी, एक ताट, छोटी बादली.

आई जानेवारीत गेली. म्हणजे तिने हे सगळं पाहिलं होतं. तू तिला शपथ घातली असशील. दिवाळीत ती म्हणाली होती, “अहो, भार्गवीला एकदा तुम्हीच फोन करा ना.” मी पेपर वाचत होतो. म्हणालो, “तिच्याकडे माझा नंबर आहे.” ती पुन्हा त्यावर बोलली नाही.

तेराव्याला तू एकटी आलीस. सुयश कुठे आहे, एवढंही मी जावयाबद्दल विचारलं नाही. उलट तो आला नाही म्हणून बरं वाटलं. लिहिताना लाज वाटते.

तुमचं काय बिनसलं ते विचारत नाही. मला का सांगितलं नाहीस, तेही विचारायची सोय मी ठेवलेली नाही. तू लग्नासाठी निघालीस तेव्हा दारात उभा राहून मीच म्हणालो होतो, “उद्या काही झालं तर इथे रडत यायचं नाही.”

तू लहानपणापासून शब्दाची पक्की. आईच्या तेराव्यालासुद्धा तुझ्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. पानं वाढलीस, भांडी आवरलीस, पाचच्या एसटीने गेलीस. मी मनात म्हणालो, काय दगड आहे ही. पोरी, तू माझा शब्द पाळत होतीस, हे मला त्या सोमवारी ती यादी बघताना कळलं. तेव्हापासून जेवण गोड लागत नाही.

त्या मोबाईलमध्ये पत्त्यांची यादी आहे. तुझा पत्ता तिथूनच उतरवला. बेंगळुरूचे दोन्ही पत्ते ‘इतर’ म्हणून आहेत. भोरचा सगळ्यात वर, ‘घर’ म्हणून. फिल्टर मागवताना तुझ्याकडून घाईत तोच राहिला असेल आणि पार्सल इकडे आलं. तो तसाच राहू दे.

फिल्टर परत करायची मुदत काल संपली. मी मुद्दाम जाऊ दिली. तुला पाठवणारही नाही. दोनदा लावला की दोन कप होतात, करून पाहिलं. दुसरा कप तसाच गार झाला.

फोन आईच्याच नंबरवर कर. उचलणारा मी असेन, ठेवून देऊ नकोस.

मी बोललो ते चुकलं. ये. रडत आलीस तरी ये.

तुझे,
बाबा