हजारावा चंद्र कुणाचा

ता. ३ जानुवारी १८९५, गुरुवार

चाळीस पाने झाली! बोटे आखडली. माघी पौर्णिमेला भाऊ मास्तरांचे सहस्रचंद्रदर्शन. त्या दिवशी त्यांचे चरित्र वाचायचे काम माझ्या गळ्यात. कल्याणात घरटी एक तरी माणूस त्यांच्या हाताखालून गेलेला. जो तो रस्त्यात अडवतो — "मास्तर, आमचं नाव घातलंत ना?" लिहिणारा मी, त्यांचा सर्वांत ढ विद्यार्थी, आता शाळेत दुय्यम मास्तर! पण खरे सांगायचे तर लिहिताना फार बरे वाटते. हे ऋण मनात किती वर्षे साठून होते.

ता. ६ जानुवारी, रविवार

दुपारी भाऊंना सुरुवात वाचून दाखवली. झोपाळ्यावर डोळे मिटून बसले होते. "जन्म शके सतराशे छत्तीस, चैत्र शुद्ध पंचमी" एवढे वाचले आणि डोळे उघडले.

"हे कुठून काढलंस?"

"तुमच्या नोकरीच्या नोंदीतून. सरकारी दप्तरात आहे."

"खोटं आहे ते."

मला वाटले, वयामुळे विसरतात. छे! सगळे लख्ख आठवते त्यांना. मास्तरकीच्या परीक्षेला बसायला अठरा वर्षे पुरी लागत. भाऊ तेव्हा चौदाचे. त्यांची थोरली बहीण रखमाआक्का अठराची. वडिलांनी तिच्या जन्माचे टिपण एका चिठोऱ्यावर लिहून ठेवलेले, तिथी आणि साल, नाव नाही. आक्काने ते यांना दिले, यांनी नेऊन दाखवले. "साहेबानं साल पाहिलं, मिशी पाहिली नाही," म्हणाले. तेव्हा भाऊ आज शहात्तरचे. पेशवाई बुडाली त्या सालचे.

शेजारच्या पाटीवरचे उत्तर उतरवले म्हणून याच माणसाने माझ्या हातावर वळ उठवले होते!

मी विचारले, मग इतके दिवस गप्प का बसलात? "दप्तरात खोटं बोललो, ते निस्तरलं. त्यापायी चार वर्षं आधी पेन्शन घेऊन घरी बसलो. पण संकल्प सोडायला बसून खोटं नाही बोलणार, गोविंदा."

ता. ८ जानुवारी, मंगळवार

सोहळ्याचे सारे आनंदराव वकिलांकडे आहे. त्यांना घेऊन भाऊंकडे गेलो. निमंत्रणे छापून झालेली, त्यामुळे ते घाईला आलेले. "चार वर्षं इकडे नि चार तिकडे, कोण मोजायला बसलंय?"

भाऊ म्हणाले, "हजारावा चंद्र आक्काचा आहे. तिला पाटावर बसवा."

वकील माझ्याकडे पाहू लागले. मग हळूच, "अहो, पण विधवा, सोवळ्या बाईला?" हळू बोलले खरे, पण आक्का आत तांदूळ पाखडत होती. सुपाचा आवाज थांबला.

ता. ९ जानुवारी

चाळीस पाने आज पुन्हा वाचली. रखमाआक्काचे नाव नाही. एकदाही नाही.

ता. १० जानुवारी, गुरुवार

शाळेत लक्ष लागले नाही. लाज वाटते. वडील गेल्यावर आंबिवलीहून पायी कल्याणला आलो, आठ वर्षांचा. सात घरी सात वार लावून जेवायचो. भाऊंकडे मंगळवार. एका बुधवारी ज्यांचा वार त्यांनी दारातूनच परतवून लावले, आणि मी येऊन भाऊंच्या ओटीवर पाटी घेऊन बसलो. आक्काने विचारले, जेवलास? म्हटले, हो. "खोटं बोलताना तू नाक पुसतोस रे," म्हणाली, आणि पान मांडले. त्या दिवसापासून माझे सातही वार तिच्याकडे. सात वर्षे!

तिला अक्षर येत नाही. भाऊंनी मुलींची शाळा काढली, मुलींसाठी पुस्तक लिहिले, त्यावर मी नऊ पाने खर्ची घातली आहेत. घरात आक्काला मात्र कोणी शिकवले नाही. तरी माझा पाढा चुकला की स्वयंपाकघरातून आवाज यायचा, "पुन्हा म्हण." ऐकून ऐकून पाठ झालेले तिचे. माझे पाढे भाऊंच्या छडीने पक्के झाले असे मी पान सहावर लिहिले आहे. लबाड मी!

ता. १९ जानुवारी, शनिवार

आक्काला पाटावर बसवायचे ठरले, आणि भटजींनी नाही म्हटले. पुष्कळ लोकांनी निरोप धाडले, आम्हांस त्या दिवशी सवड नाही. सगळ्यांना एकदम कामे निघाली! त्यात खुद्द आक्काच म्हणते, "मला नाही बसायचं. म्हातारपणी ही सोंगं कशाला?"

मी जाऊन तिच्यापुढे बसलो. म्हटले, आक्का, तुझे अन्न खाऊन मी मास्तर झालो आणि चाळीस पानांत तुला एक ओळ दिली नाही. तू बसली नाहीस तर मी एक अक्षर वाचणार नाही. बोलता बोलता रडूच आले, अठ्ठेचाळीस वर्षांच्या घोड्याला.

ती म्हणाली, "आमटीभाताचं काय लिहायचं असतं, वेड्या?" मग उठता उठता, "बसेन. पण भटजी नको, होम नको. मुलं जेवायला बोलाव."

ता. १० फेब्रुवारी, रविवार

काल पार पडले. ओटी भरली, अंगण भरले. मुले म्हणजे सगळे टक्कल पडलेले! स्वयंपाक आम्हीच केला. भात खाली लागला, वरणात मीठ दोनदा पडले. वकीलही आले, आणि धोतर खोचून वाढायला लागले. माणूस वाईट नाही.

आक्काला पाटावर बसवून सर्वांआधी पान वाढले. तिला घास उतरेना. "तुम्ही सगळे ताटकळलात," हेच चालले होते. भाऊंनी पागोटे काढून तिच्या पायांवर डोके ठेवले. म्हणाले, "हिनं स्वतःचं वय मला दिलं. पुढचं सारं त्याच्यावर उभं राहिलं." मग मी नवे पहिले पान वाचले, तिच्या नावाने सुरू होणारे. माझ्या जन्मात इतके मनापासून मी काही वाचले नाही.

ता. ११ फेब्रुवारी, सोमवार

चरित्रासाठी आक्काला विचारायला गेलो: टिपण देताना मनात काय होते? भाऊ देवळात गेले आहेत ना, हे तिने आधी पाहून घेतले.

"सासरचे मला न्यायला यायचे होते. पुन्हा तिथं गेले असते तर जगले नसते मी. भाऊला ठाण्यात नोकरी लागली तर रांधायला कोणीतरी हवंच, म्हणजे मला निघता येत होतं. तो कुठला परीक्षेला जातोय! नदीवर डुंबायला हवं होतं त्याला. मीच ढकलला. विद्या न् शाळा माझ्या स्वप्नातही नव्हत्या रे. मला सुटायचं होतं."

मी लेखणी खाली ठेवली.

"त्याला सांगू नकोस हो," आक्का म्हणाली. "त्रेसष्ट वर्षं माझे उपकार मानतोय बिचारा. आणि मी त्याचे."