आयनिओसॉरसचं शिंग

२ ऑगस्ट, शनिवार
इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या मराठी वर्गात आज इराची फजिती झाली. आवडता प्राणी सांगायचा होता. आमची आठ वर्षांची इरा म्हणाली, आयनिओसॉरस, एक डायनासोर. नाकावरचं शिंग पुढे येऊन खाली वळतं, मानेमागच्या झालरीवर दोन सरळ शिंगं. पोरं हसली. असा नसतोच, थापा मारतेस, यू ब्लफ लाह. तिने सविताच्या फोनवर चित्र दाखवलं, तर म्हणे एआय आहे. इरा रडली नाही, पण ओठ घट्ट मिटून बसली. मला बघवेना. सगळ्यांसमोर जाहीर केलं, सोळा तारखेला मी स्वतः बोर्डावर काढून दाखवतो! इंटरमीजिएट ड्रॉइंगला बी ग्रेड होती माझी. सविताने कपाळाला हात लावला. बायकोला कलेची कदर नाही.

४ ऑगस्ट, सोमवार
उद्यापासून सराव. आज फक्त मार्कर आणले. चांगले मार्कर म्हणजे अर्धं काम.

७ ऑगस्ट, गुरुवार
ऑफिसमध्ये सॉफ्टवेअरचं रिलीज. सराव नाही. मात्र मीटिंगमध्ये हात चालू होता, नेहमीप्रमाणे एका रेषेत गणपती काढले. कॉलेजपासूनची सवय, न बघतासुद्धा येतो. हात तयार आहे, फक्त प्राणी बदलायचा.

९ ऑगस्ट, शनिवार
इथल्या नॅशनल डेची सुट्टी. जिवंत शरीराचा अभ्यास हवा म्हणून इराला घेऊन पुलाउ उबीन बेटावर गेलो, रानडुकरं बघायला. डुक्कर दिसलं. स्केचबुक बोटीत राहिलं. इराने विचारलं, बाबा, तू नक्की काढशील ना? म्हटलं, म्हणजे काय!

१३ ऑगस्ट, बुधवार
पहिला प्रयत्न. बरा होता. सविता म्हणाली, गाढव छान आलंय. ट्यूबलाइटचा उजेड वाईट आहे.

१५ ऑगस्ट, शुक्रवार
इराने वर्गातल्या सगळ्यांना सांगून ठेवलंय. सविता म्हणते, अजून वेळ आहे, छापील चित्र घेऊन जा. नाही. जास्त सराव केला की ताजेपणा जातो.

१६ ऑगस्ट, शनिवार, दुपार
लिहावंसं वाटत नाही, पण लिहितो.
पोरं दाटीवाटीने बसलेली, मागे आईबाप. इरा पहिल्या रांगेत, पाठ ताठ. नाकाच्या शिंगापासून सुरुवात केली. ते खाली वळवलं आणि हाताला वाट सापडली. मग थांबेना. झालर दोन्हीकडे सुपासारखी पसरली. दोन शिंगांच्या मधे मुकुट बसला. पोट मी काढलंच नाही, ते आपोआप आलं. मागून कोणीतरी म्हणालं, गणपती बाप्पा! सगळा हॉल, मोरया!
वर्ग चालवणाऱ्या अनघाताई म्हणाल्या, उजव्या सोंडेचा काढलात, जपून हं.
इरा उठली. डस्टर घेतलं. अनघाताईंनी तिचा हात धरला, अगं, बाप्पाला पुसतात का कधी? मी काहीतरी बोलायला हवं होतं. लोक टाळ्या वाजवत होते.
मग तिने मार्कर घेतला आणि खाली कोपऱ्यात, बाप्पाच्या पायाशी उरलेल्या जागेत, स्वतःच काढला. खाली वळलेलं शिंग, झालर, दोन सरळ शिंगं. अगदी बरोबर. पोरं वाकून बघायला लागली. सो क्यूट! उंदीरमामा की जय!
घरी येताना MRT मध्ये, बिशान स्टेशनपर्यंत, ती खिडकीकडे तोंड करून बसली. दमली असेल.

१७ ऑगस्ट, रविवार
अनघाताईंचा मेसेज. गणेशोत्सवाची सजावट तुमच्याकडेच, नाही म्हणू नका. शेवटी कला लपत नाही! लगेच हो कळवलं.
इराला विचारलं, मदत करशील? म्हणाली, ओके. पण उंदीर तू काढ, बाबा.
त्यात काय, उंदीर सोपा असतो. उद्यापासून सराव.
ती खोलीत गेली आणि दार लावून घेतलं, अगदी हळू. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.