सूर्याकडे पाठ

१० नोव्हेंबर १९५७

घोडपदेवला बिऱ्हाड लागलं एकदाचं! खोली एवढीशी, पण कौसल्येने दुपारपर्यंत फळ्या-भांडी लावून तिचा महाल केला. मला मात्र गच्ची जास्त आवडली. चाळीतल्या नानांचं तिथे आकाशमंडळ आहे. नाना निवृत्त शिक्षक, पण नखशिखांत मास्तर. रात्री तारे बघायला सगळे येतात, सकाळी सूर्याचं चित्र काढायला कोणी टिकत नाही, अशी त्यांची तक्रार. मी गिरणीत ड्राफ्ट्समन आहे हे कळताच त्यांना आयतं गिऱ्हाईक मिळालं. मीही एका पायावर तयार झालो.

१२ नोव्हेंबर

काम मजेचं आहे. दुर्बिणीला डोळा लावायचा नाही, नाहीतर आंधळं व्हायची पाळी. तिच्यातून येणारा उजेड पाटीवरच्या कागदावर पाडायचा, सूर्याकडे पाठ करून उभं राहायचं आणि कागदावर दिसणारे सूर्याचे डाग पेन्सिलीने गिरवायचे. चित्र उलटं पडतं, वरचं खाली. यंदा डाग इतके, की सूर्याला कांजिण्या आल्यात म्हणावं. नानांची ताकीद दोनच: खाडा करायचा नाही आणि काम चालू असताना मागे वळायचं नाही. कौसल्या चहा घेऊन वर आली आणि माझं चित्र बघून म्हणाली, यापेक्षा माझी रांगोळी बरी. तिला या कामाची फार हौस वाटते आहे.

१७ नोव्हेंबर

सूर्याच्या कडेला एक बारीक उभी रेघ दिसली. धूळ समजून भिंग पुसलं, मग जागच्या जागी फिरवलं. धूळ असती तर तीही फिरली असती. रेघ हलली नाही. गिरणीचं धुराडं म्हणावं, तर ते भलत्याच बाजूला आहे.

२१ नोव्हेंबर

रेघेला खांदे आहेत. डोकं खाली, पाय वर. चित्र उलटं पडतं, म्हणजे तो सरळ उभा आहे. दुर्बिणीला टोपण घालून मगच वळून पाहिलं. पूर्वेला नुसतं आकाश आणि बंदरातल्या क्रेन. एवढा घोडा झालो, पण भीती वाटली.

२४ नोव्हेंबर

रोज मोठा दिसतो. म्हणजे जवळ येतोय. आज नानांना विचारलंच. म्हणाले, माझ्याआधी शामराव सूर्य काढायचे, तेही असंच काहीबाही सांगायचे. एक दिवस काम चालू असताना ते मागे वळले. दोन्ही डोळे गेले. आता गावी भिंतीला पाठ लावून बसतात, मागे कोणाला उभं राहू देत नाहीत. सूर्याकडे बघितलं, दुसरं काय, असं नाना म्हणाले. पण माझ्याकडे न बघता म्हणाले.

२७ नोव्हेंबर

आज त्याने अर्धा सूर्य झाकला. मानेवर ऊन असायचं, तिथे गार — पेन्सिल टाकून पळालो. जिना समोरच आहे, म्हणून वळावं लागलं नाही. पुन्हा जाणार नाही.

२९ नोव्हेंबर

निम्मी चाळ पंतप्रधानांना काळी निशाणं दाखवायला प्रतापगडाला निघाली, नानाही गेले. मी वर जायला ऐकत नाही आणि खाडा तर नको, म्हणून गच्चीची किल्ली त्यांनी कौसल्येकडे दिली. तिला सगळं सांगितलं. हात जोडले. हसत सुटली. दिवसाढवळ्या कसलं भूत, तुमचं आपलं काहीतरीच, म्हणाली.

३० नोव्हेंबर

जाग आली तेव्हा ती नाही. किल्लीही नाही.

वर आलोय. तिने काम सुरू केलंय. पाठ सूर्याकडे. ओढायला गेलो तर दचकून वळेल — खाली चल म्हटलं, तर दोनच डाग राहिलेत म्हणते. तिच्या समोर, जिन्याच्या तोंडाशी बसून हिशेब लिहिण्याचं सोंग करतोय. तिने घाबरू नये, एवढंच. तिचे डोळे — देवा, तिच्या डोळ्यांना काही —

तिच्या मागे कोणी नाही. दुर्बीण, आकाश. कोणीच नाही.

मान खाली घालूनच ती आत्ता बोलली. माझ्याशी नाही. नाना, तुम्ही कधी आलात, जरा बाजूला व्हा ना, कागदावर सावली पडत्ये —

नाना प्रतापगडावर आहेत. माझ्या शेजारून कोणी वर गेलेलं नाही —

हसत्ये. पेन्सिल खाली ठेवली. मान वळव — कौसल्या, न