दांडावरून आलेली ओळ

मुक्काम दर्यापुराजवळ, आपल्या मळ्यात

चंद्रभानदादाले नत्थूचा येशूच्या नावानं सलाम.

दादा, तू कापसाच्या गाड्यायसंगं अमरावतीले गेला. तिथं तुमी सारे ख्रिस्ती मिळून येशूच्या देवळात गाता. इथं गावात ख्रिस्ती म्हनून मी एकटाच उरलो. पाटील म्हने, "जो नत्थूसंगं गाईन, त्याले बी वाळीत टाकू." तवापासून माहं तोंड बंद हाये. प्रार्थनेले बसलो का कान दाराकडंच राह्यते, अन् शब्द इसरून जातो.

मले घेऊन जा, असं लिवाचं होतं. पन आज दुपारी मोट हाकता हाकता राहवलं नाही. "येशूबाबा, संगं चाल," एवढी एक ओळ हळूच म्हनली. दुसरी ओळ तू खाली दांडावर, मोटेचं पानी वाफ्यात वळवता वळवता म्हनायचा. मी सवयीनं थांबलो.

अन् दांडावरून दुसरी ओळ आली, दादा! पाटलाच्या मानसानं ऐकलं, आता मेलो, असंच वाटलं.

जाऊन पाह्यलं तर आपली माय. मी बाटलो म्हनून माही थाळी वेगळी ठेवनारी माय, चिखलात उभी. "थांबला काहून?" म्हने. "चंद्रभानची ओळ ऐकून ऐकून पाठ झाली. पुढची मले येत नाही."

म्हनून हे पत्र धाडत नाही; आता मले इथून जाचंच नाही. भेव गेलं नाही, दुप्पट झालं. आता मायले बी वाळीत टाकतीन.

पन उद्या मोटेवर तिले तिसरी ओळ शिकवाची हाये.

तुहा,
नत्थू