नाथाची कोपरं

ता. ४ जानेवारी १९३६, शनिवार
आजपासून डायरी. मोठे लोक लिहितात. पंचवटीतल्या तालमीत नाव घातलं. मावशी म्हणाली, मुंबईची मिल सोडलीस, भुसावळची रेल्वे सोडलीस, ही तालीम कधी सोडणार ते आत्ताच सांग, तेवढेच दिवस दूध जास्त लावते. यंदा फक्त बॉडी.

ता. ७, सकाळ
थंडी. उशिरा उठलो. खलील वस्ताद अजून जोर-बैठकांतच अडकलेत. तालमीत एक चीज मात्र फर्स्टक्लास. टांग्याच्या दोन चाकांमधला लोखंडी आख, दोन्ही टोकांना जात्याच्या दगडी तळ्या. आखाड्याच्या मातीत उताणं पडायचं, छातीवर घ्यायचा, वर रेटायचा. याला प्रेस म्हणतात. दंडाच्या मागचा मसल तो ट्रायसेप्स. हे शब्द इथं फक्त मला येतात. अजून आख उचललेला नाही. आधी थिअरी.

ता. ११
फारुख न्हाव्याकडे दाढी. आरशाखाली इंग्रजी चित्र चिकटवलेलं. पांढऱ्या बनियनमधला गोरा पैलवान, मुठी छातीशी, कोपरं दोन्हीकडे पंखांसारखी फाकवलेली. काय ते दंड. डोक्यात लख्ख उजेड पडला. आपले लोक कोपरं अंगाशी ठेवून रेटतात, म्हणून मागे राहिलेत. खालचा मजकूर वाचला नाही. अक्षरं बारीक होती, शिवाय अर्धी आरशामागे.

ता. १२
नाथाला सिस्टिम दिली. हा दिंडोरीकडचा शेतकऱ्याचा पोरगा, तालमीतच राहतो. पुढच्या महिन्यात हरसूलच्या जत्रेत त्याची कुस्ती आहे. जिंकला तर बाप तालमीत राहू देणार, नाहीतर घरी नांगर. म्हटलं, प्रेस मारताना कोपरं बाहेर. तो म्हणाला, वस्ताद तर आत म्हणत्यात. मी ट्रायसेप्स हा शब्द वापरला. त्यानं मान डोलावली. मग मला मास्तर म्हणाला. आजवर कुणी म्हटलं नव्हतं.

ता. २०
नाथा म्हणतो, मास्तर, खांदा आन कोपराच्या मागं लय ठणकतंय. म्हटलं, मसल वाढताना ठणकणारच. त्याचं समाधान झालं. माझंही.
उद्यापासून मी स्वतः सुरू. नक्की.

ता. २१
सुरू केलं नाही. गोदेच्या घाटावर एक सारंगीवाला भेटला.

ता. २९
वाईट दिवस. रोज माती उकरण्याआधी वस्ताद आखाडा बघतात. आख रेटणाऱ्याच्या कोपरांचे खळगे मातीत राहतात, नेहमी बरगड्यांजवळ. आज पार लांब लांब. वस्ताद म्हणाले, काल इथं गिधाड लोळून गेलं काय रे? सगळे हसले. मी जरा जास्तच हसलो. मग त्यांनी नाथाला विचारलं, कुणी शिकवलं? नाथा म्हणाला, कुणी नाय, माझ्या मनानंच. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.
वस्तादांनी त्याला तिथंच पाडलं आणि कोपरं हातानं आत ढकलली. म्हणाले, बेटा, कोपर मनगटाच्या बरोबर खाली, अंगापासून वीतभर. चिकटवायचं नाही, फाकवायचं नाही. फाकलं की दंडाचं ओझं सांध्यावर जातं. हात गेला तर हरसूलला काय शेपटीनं लढशील?
मी बोलणारच होतो. इतक्यात बाहेर अस्वलवाला आला. बघायला गेलो.

ता. ३०
फारुखला चित्राचं विचारलं. तो म्हणाला, अहो ती गॅलिसची जाहिरात, पँट खांद्यावरून धरून ठेवणाऱ्या पट्ट्यांची, एका वकिलानं वाचून दाखवली. गडी अंगठे अडकवून गॅलिस ताणून दाखवतोय. जवळ जाऊन बघितलं. पांढऱ्या बनियनवर पांढरे पट्टे. मी शिवण समजलो होतो. तसाच उठलो. फारुख मागून ओरडत होता, दाढी अर्धीच झालीय म्हणून.
निश्चय: आजच नाथाला सांगायचं.

ता. ३१
नाथा मला बघून लाजला. वस्ताद यायच्या आत चोरून रेटत होता, कोपरं बाहेर. म्हणाला, वस्ताद जुन्या काळचे हायत, पण तुमाला मी मधी आणणार नाय. एक केळं दिलं.

ता. ९ फेब्रुवारी
नाथाचा उजवा हात सरळ होत नाही. वस्तादांनी हळद-तेल लावून बांधला. हरसूलला दुसरा गडी जाणार. नाथाला गावी पाठवलं. निघताना माझ्या पाया पडला, डाव्या हातानं. मी म्हटलं, सांभाळून जा. घरी मावशीनं दूध पुढं ठेवलं. प्यायलो नाही. नंतर प्यायलो.

ता. १६, रविवार
सर्व्हिस मोटारीनं नाथाच्या गावी गेलो. वाटेत कुठंही उतरलो नाही. त्याची आई बयाबाई, मास्तर आले म्हणून तव्यावर दुसरी भाकरी टाकायला धावली. मी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. न्हावी, चित्र, गॅलिस.
नाथानं ऐकून घेतलं. म्हणाला, वस्तादांनी लय दम दिला व्हय तुमाला? भिऊ नका. उजवा बसला म्हून काय झालं, डाव्यानं चालू हाय. आणि ओसरीत पडून दाखवायला लागला. हातात खलबत्त्याचा खल, कोपर पार बाहेर.
हा हातही जाणार, हे दिसत होतं. मी त्याच्या शेजारी उताणा पडलो. म्हटलं, माझ्याकडे बघ, असं करायचं. कोपरं आत घेतली आणि मसाल्याचा पाटा छातीवर ओढला. रेटला. वीतभर वर गेला, थरथरला आणि परत छातीवर बसला. श्वास येईना. नाथानंच डाव्या हातानं बाजूला ओढला.
बयाबाई तव्याजवळून म्हणाली, मास्तर, तुमी हे कधी केलंच नाय का काय?
म्हटलं, कधीच नाही.
नाथा हसला नाही. खल उचलून भिंतीशी ठेवून दिला. आपल्या बांधलेल्या हाताकडे बघितलं. मग मास्तर न म्हणता विचारलं, तुमचं नाव काय हो?
सांगितलं.